केबिन रोडवरची पिवळी रेघ

ज्यांची तीस-पस्तीस वर्षं नोकरी झाली, त्यांनी नोकरीच्या आठवणींच्या अशा अंकात लिहावं हे बरोबर. माझी नोकरी जेमतेम तीन वर्षांची, तीही अर्ध्या दिवसाची. सकाळी कॉलेज आणि दुपारी बारा ते पाच केंद्र. तरी लिहितेय, कारण या तीन वर्षांत मी एक शब्द उगाच फार वेळा वापरला आणि शेवटी तो मला चारचौघांत परत घ्यावा लागला. ते सांगायचं आहे. लिहिण्याची सवय नाही, कुठे चुकलं तर समजून घ्या.

आमचं केंद्र म्हणजे भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. अपर्णा मॅडम ते चालवतात. मुलं सहा, सगळी स्वमग्न. इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, पण मी नोकरीला लागले तेव्हा दोन्ही शब्द मला ठाऊक नव्हते. माझं पद सहायिकेचं. बाबा मीरा रोडला एका सोसायटीत वॉचमन आहेत, आई स्टीलच्या गाळ्यात भांडी पॉलिश करायला जाते. परभणीकडून येऊन काशीगावात खोली घेतलेल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकलेल्या मुलीला टेबल-खुर्चीची नोकरी मिळते अशी बाबांची समजूत. पहिल्या दिवशी मी घरी गेले ती मनगटावर दातांची खूण घेऊन. बाबा खूण बघत राहिले आणि म्हणाले, "हे कोणतं हापीस म्हणायचं?"

बाहेरच्यांना आमचं काम सांगायचं तर मी असं सांगते. तुम्ही आता हे वाचताय, तेव्हा पंख्याचा आवाज, शेजारचा कुकर, खाली कुणी गाडी चालू केली ते, हे सगळं तुम्ही न ठरवताच बाजूला सारलेलं असतं. आमच्या मुलांना ते सारता येत नाही. सगळं एकदम आणि सारख्याच जोराने आत येतं. म्हणून ती कान दाबतात, हलत राहतात, ओरडतात. त्यांना बोलणं सुचायलाही वेळ लागतो. काही जण आपण बोललेलंच परत बोलतात, अगदी आपल्या सुरात. लोकांना वाटतं मूल नक्कल करतंय. खरं म्हणजे त्या घडीला त्याच्याजवळ तेवढेच शब्द असतात.

आमच्याकडे शिकवायचा एक विषय होता, 'दुकान'. मोठेपणी या मुलांना निदान आपला साबण आपण आणता यावा, हा मॅडमचा आग्रह. त्यासाठी आम्ही आतल्या खोलीत खोटं दुकान मांडलं होतं. एक टेबल, मागे फळीवर रिकामी खोकी आणि टेबलासमोर फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीची एक रेघ. नियम असा, की रेघेवर कुणी असेल तर मागे थांबायचं. रेघ रिकामी झाली की तिच्यावर उभं राहायचं. चित्राचं कार्ड द्यायचं, वस्तू घ्यायची आणि वळायचं. लिहायला दोन ओळी लागल्या, शिकायला आठ महिने. निहाल नावाचा आमचा एक मुलगा रेघेवर यायचा, कार्ड द्यायचा, साबण घ्यायचा, हुंगायचा आणि परत फळीवर ठेवून यायचा. त्याच्या दृष्टीने खरेदी पूर्ण झालेली असायची. मला कधी कधी वाटतं, त्याचंच बरोबर आहे.

सगळ्यांत हुशार ऋतुजा. तेव्हा अकरा वर्षांची, दोन वेण्या, गळ्यात कायम रुमाल. वडील फोर्टमध्ये कारकून. आई पूर्वी शिकवण्या घ्यायची, ऋतुजा झाल्यावर सोडल्या. ऋतुजा खोट्या दुकानात एकदाही चुकायची नाही. मॅडम म्हणाल्या, "आता खऱ्या दुकानात नेऊ या. बुधवारी दुपारी गर्दी नसते."

तो बुधवार मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. केबिन रोडवर एका किराणा दुकानासमोर मी तिला नेलं. तिच्या हातात बिस्किटाच्या पुड्याचं कार्ड होतं. ती दुकानाकडे बघेचना, खालीच बघायला लागली. इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं. मला काही उमजेना. मी म्हणतेय, "ऋतुजा, कार्ड दे काकांना." ती खाली वाकून काहीतरी शोधतेय. मग एकदम वळली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन उभी राहिली. काळे-पिवळे रंगवलेले दगड असतात ना, त्यातल्या पिवळ्यावर. तिथे ताठ उभं राहून तिने समोरच्या रिक्षांपुढे कार्ड धरलं.

ती सगळं बरोबर करत होती. रेघ आम्ही शिकवली होती आणि रेघेशिवाय दुकान असतं हे शिकवायचं आम्ही विसरलो होतो.

रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले. ऋतुजाने कार्ड टाकून कान दाबले आणि ओरडायला लागली, मग स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायला लागली. मी तिला धरून कडेला घेतलं. माणसं जमली. एक जण म्हणाला, "माँ-बाप ने कभी दो लगाए नहीं, इसलिए ऐसा है." एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन कुणाकडे तरी धागा बांधायला ने म्हणून सांगितलं. दुकानदार आतूनच म्हणाला, "मॅडम, इनको लेके इधर मत आया करो, कस्टमर भागता है." आणि मी सगळ्यांना सॉरी म्हणत होते. सॉरी अंकल, सॉरी आजी, सॉरी भैया. रिक्षावाल्यालासुद्धा सॉरी. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तो शब्द इंग्रजीत नसेल, पण आहे. सोसायटीचे चेअरमन गाडीतून उतरले की बाबा खुर्चीतून उठतात, तो तोच शब्द.

या गडबडीत समोरच्या बाजूने एक बाई माझ्याकडे बघत होत्या. 'जनरल स्टोअर'च्या गल्ल्यावर बसलेल्या, साठीच्या आसपासच्या, जाड चष्म्याच्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला हाताने बोलावलं. त्या ज्योतीबेन. नवरा गेल्यापासून दुकान एकट्याच चालवतात.

"लडकी नीचे क्या ढूंढती थी?" त्यांनी विचारलं.

दया नाही, चौकशी नाही, थेट हा प्रश्न. मी रेघेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो लाइन बना दो ने. उसमें क्या?" आणि बरणीतून खडू काढून माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर रेघ काढली. ती जरा वाकडीच आली. ऋतुजाने रुमाल चावत थोडा वेळ रेघेकडे बघितलं. मग आली, उभी राहिली. कार्ड पडलं होतं ते मी गुपचूप तिच्या हातात दिलं. ज्योतीबेननी कार्ड घेतलं, चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलो शेठ, एक बिस्किट."

ज्योतीबेन सगळ्या गिऱ्हाइकांना शेठ म्हणतात. लहान, मोठा, बाई, पुरुष, सगळे शेठ. पण आमच्या मुलांना तोवर कुणी गिऱ्हाईक धरलं नव्हतं.

तेव्हापासून बुधवारी तीन ते चार हा आमचा तास ठरला. मुलांना कशाकशाचा त्रास होतो ते मॅडमनी समजावलं आणि ज्योतीबेननी ऐकून आपल्या पद्धतीने दुकान बदललं. तीन वाजले की रेडिओ बंद. फडफडणारी ट्यूबलाइट बंद, तिच्या जागी साधा बल्ब. उदबत्ती चारनंतर. कुणाची मोठ्याने शाबासकी नाही, गालाला हात नाही. आणि फुकट काही नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी 'बिचारी' म्हणून ऋतुजाच्या हातात चॉकलेट ठेवलं, तर ज्योतीबेननी ते काढून परत बरणीत टाकलं. "मफत नहीं. मेरे यहाँ कार्ड दिखाके माल लेती है. भीख नहीं मांगती." त्या बाई परत आल्या नाहीत. ज्योतीबेनचं काही अडलं नाही.

खडूची रेघ रोज पुसली जायची, तेव्हा त्यांनी ऑइलपेंटचा डबा आणून पक्की पिवळी रेघ मारून घेतली. आणि मग एक गंमत झाली. संध्याकाळी, आमचा काही संबंध नसताना, बाकीची गिऱ्हाइकंही त्या रेघेवर एकेक करून उभी राहायला लागली. केबिन रोडवर, जिथे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून ब्रेड घेतात, तिथे रांग लागायची. ज्योतीबेन म्हणायच्या, "तुम्हारे बच्चों ने मेरे कस्टमर को सुधार दिया."

वर्षभर हे चाललं. ऋतुजा कार्ड स्वतः निवडायला लागली, सुटे पैसे स्वतः धरायला लागली. तिची आई आधी रस्त्यापलीकडे उभी राहायची, मग लांब कोपऱ्यावर. "ताई," ती मला एकदा म्हणाली, "आमच्यामागे हिचं कसं होणार, याचा मी रोज रात्री विचार करते. बुधवारी रात्री नाही करत." ऋतुजाला आता एकटीने, कुणी सोबत नसताना तिथून एक वस्तू आणता यावी, एवढंच आम्ही ठरवलं होतं. त्याला दोन-तीन बुधवार उरले होते.

दुकान ज्या इमारतीखाली आहे, तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंत काका. रिटायर्ड, गिरगावातून इकडे आलेले, पांढरा लेंगा-शर्ट, बोलणं शुद्ध आणि सावकाश. त्या बुधवारी ते ब्लेड घ्यायला आले आणि रेघेवर उभे राहून ज्योतीबेनना सोसायटीच्या टाकीची गोष्ट सांगायला लागले. ऋतुजा मागे येऊन थांबली. रेघ रिकामी झाली की पुढे, हा तिचा नियम. काका काही हलेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ज्योतीबेन दोनदा म्हणाल्या, "शेठ, पीछे कस्टमर है." काका म्हणाले, "हो हो," आणि टाकीचं झाकण कसं चोरीला गेलं ते सांगायला लागले. ऋतुजा त्यांच्या पायाखालच्या रेघेकडे टक लावून उभी. शेवटी काकांना ते जाणवलं. ते वळून म्हणाले, "काय बघतेस गं?"

ऋतुजा त्यांच्याच सुरात म्हणाली, "काय बघतेस गं?"

"अरे! उलट बोलते?"

"उलट बोलते?"

काकांचा चेहरा लाल झाला. आवाज चढला, त्यांनी हात उगारल्यासारखा केला. मारायला नसेल, सवयीने असेल. पण ऋतुजा खाली बसली, कान दाबून ओरडायला लागली आणि तिचा पाय लागून लिमलेटची बरणी ओट्यावर फुटली. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघायला लागली. काका मला म्हणाले, "अशांना घरात ठेवा. लोकांच्या दारात कशाला आणता?"

आणि मी म्हणाले, "सॉरी काका. सॉरी काका, सॉरी."

इथपर्यंतचं मी सहन केलं असतं, कारण मला सहन करायची सवय होती. दुसऱ्या दिवशी केंद्रात ऋतुजा मणी ओवत होती. एक मणी ओवायची आणि म्हणायची, "सॉरी काका." दुसरा मणी, "सॉरी काका." माझ्याच आवाजात. तोच घाबरलेला, वर चढणारा सूर. डबा खाताना सॉरी काका, हात धुताना सॉरी काका. शनिवारी तिची आई मला दारात भेटली. तीन रात्री झोपेतसुद्धा ती तेच म्हणतेय, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "ताई, खरं सांगा, हिने काय केलं होतं?"

मी म्हणाले, "काहीच नाही. ती नंबर येण्याची वाट बघत होती."

"मग सॉरी कोण म्हणालं?"

मी ऋतुजाची पिशवी तिच्या हातात दिली. तिला ते कळलं. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी ज्योतीबेनना सोसायटीची नोटीस आली होती. ओटा सोसायटीच्या मालकीचा असून त्यावर विनापरवानगी रंग मारला आहे, आणि रहिवाशांना उपद्रव होतो आहे. रविवारी कमिटीसमोर हजर राहावं. ज्योतीबेननी कागद मला वाचायला दिला. "तू आ जा. मेरा मराठी सुनके वो लोग हँसेंगे. तू कॉलेजवाली है."

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "सेक्रेटरी लोकांशी वाद घालू नये, बाई. मी रोज बघतो ना. आपण नमतं घ्यावं, काम होतं."

"बाबा, आपण नमतं घेतलं की ती मुलगी पण घेते," मी म्हणाले. त्यांना सगळं सांगितलं. सकाळी मी निघताना त्यांनी माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून दारात ठेवला होता.

रविवारी स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीची पाच माणसं, मागे काही बायका. मी दोन पानं लिहून नेली होती. वर 'आदरणीय सदस्य' असं घातलं होतं आणि खाली स्वमग्नतेची लक्षणं क्रमाने लिहिली होती. सावंत काका माझ्याशी नीटच बोलले, ते सांगायला हवं.

"हे बघ बाळ, आमचा मुलांना विरोध नाही. आम्हालाही मुलंबाळं आहेत. पण आज रेघ, उद्या शेड, परवा पत्रे. सोसायटीची जागा अशीच जाते. आणि अशा मुलांसाठी वेगळ्या जागा असतात ना? तिथे त्यांनाही बरं वाटतं."

मी पानं उघडली. आदरणीयच्या पुढे मला वाचताच येईना. अक्षर माझंच होतं, पण ते दुसऱ्याच कुणीतरी कुणाची तरी परवानगी मागायला लिहिलंय असं वाटलं. मी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज फार बारीक निघाला, "बुधवारी मी तुम्हाला सॉरी म्हटलं होतं. ते मी परत घेते."

काका म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे चूक तिची नव्हती. माझीही नव्हती. ती पंधरा मिनिटं तुमच्या मागे उभी होती, ढकललं नाही, मध्ये घुसली नाही. तेवढं थांबायला शिकायला तिला आठ महिने लागले. केबिन रोडवर इतकं कुणी थांबत नाही, काका. तुम्हीपण नाही थांबत. तुम्ही विचारलंत, काय बघतेस. ती रेघ बघत होती. तुम्ही त्या रेघेवर उभे होतात."

मागच्या बायकांमध्ये कुणीतरी हसलं. काकांनी तिकडे बघितलं.

"वेगळ्या जागेचं म्हणाल तर आहे आमची. दोन खोल्या आहेत. तिथे खोटं दुकान आहे, खोकी रिकामी आहेत. तिला खरी बिस्किटं खायची आहेत." हे मी ठरवून म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "भाऊजी, ती रेघ राहू द्या की. संध्याकाळी धक्काबुक्की बंद झालीय."

"वहिनी, हा कमिटीचा विषय आहे," काका म्हणाले.

कमिटीने ठराव केला. ओटा सोसायटीचा, रेघ पुसायची. चार विरुद्ध एक. गोष्टीत असतं तसं कुणाचं मन पालटलं नाही. सोमवारी रंगारी आला आणि त्याने ओट्यावर राखाडी रंगाचा पट्टा ओढला. मी कॉलेजातून परस्पर तिथे गेले तेव्हा रंग ओला होता. मला रडू आलं. ज्योतीबेन म्हणाल्या, "रोती क्यों है? ओटला उनका. उंबरे के अंदर किसका?"

त्यांनी सुताराला बोलावलं होतं. मंगळवारी त्यांनी काउंटर दोन फूट आत सरकवून घेतलं. त्यासाठी वह्यांचं कपाट काढावं लागलं, गल्ल्याची खुर्ची भिंतीला टेकली, त्यांना स्वतःला वळायला जागा उरली नाही. पण उंबरठ्याच्या आत, त्यांच्या मालकीच्या फरशीवर, पुरेपूर दोन फूट मोकळे झाले. तिथे त्यांनी रेघ मारली. पहिलीपेक्षा रुंद आणि हळदीसारखी पिवळीजर्द. "अब लाओ नोटिस," असं त्या सुताराला उद्देशून म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही.

बुधवारी तीन वाजता ऋतुजा आली. आई कोपऱ्यावर थांबली, मी पानाच्या टपरीमागे. ठरल्याप्रमाणे आम्ही दिसायचं नव्हतं. ऋतुजा ओट्याशी आली आणि थांबली. राखाडी पट्ट्याकडे बघत राहिली. खाली वाकली, बोटाने तो रंग घासला. आता ती वळणार, आता ती रस्त्याच्या कडेचे दगड शोधणार. मी अर्धी बाहेर आले. इतक्यात तिने मान वर केली आणि आत बघितलं.

ती उंबरठा ओलांडून आत गेली आणि रेघेवर उभी राहिली.

"बोलो शेठ," ज्योतीबेन म्हणाल्या.

त्याच वेळी सावंत काका जिन्यावरून उतरून दुकानाशी आले. त्यांना घाई होती, ते पायरी चढायला लागले. ज्योतीबेननी आतूनच तळहात दाखवला. "रुको. शेठ का नंबर है."

काका ओट्यावर, उन्हात, स्वतःच्या राखाडी पट्ट्यावर थांबले. ऋतुजा कधीच घाई करत नाही. तिने कार्ड दिलं, पैसे दिले, पुडा घेतला, तो दोन्ही बाजूंनी तपासला, रुमालाची गाठ नीट केली. मग वळली. समोर काका. ते तिच्याकडे बघत होते.

मला भीती होती ती एकाच गोष्टीची, की ती आता माझे शब्द म्हणेल.

ऋतुजाने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काय बघतेस गं?"

माझ्या तोंडात तो शब्द आलाच होता. तीन वर्षांची, खरं तर जन्माची सवय. मी टपरीमागून पुढे झाले, काकांनी मला पाहिलं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू तो शब्द म्हणजे माझ्याकडचं त्यांचं येणं होतं. मी काहीच बोलले नाही. ऋतुजा पुडा छातीशी धरून त्यांच्या बाजूने उतरली आणि कोपऱ्यावर आईकडे चालत गेली. एकटी.

"शेठ," ज्योतीबेन आतून म्हणाल्या, "आपका नंबर."

सावंत काकांनी खाली बघितलं. मग उंबरठा ओलांडला आणि रेघेवर येऊन उभे राहिले.